खडाखडी: फाइटिंग गेमच्या पहिल्या पंधरा सेकंदांत समोरचा कसा वाचायचा

लहानपणी मामाबरोबर कोल्हापूरच्या खासबागेत कुस्त्या बघायला जायचो, तेव्हा सुरुवातीची दोन-तीन मिनिटं मला फार कंटाळवाणी वाटायची. दोन मल्ल एकमेकांच्या मानेवर हात टाकतायत, मनगट धरतायत, सोडतायत, पुन्हा धरतायत. डाव कुठं आहे? मामा म्हणायचा, "खडाखडी चाललीय रे. हातांकडं काय बघतोस, पाय बघ त्यांचे."

खडाखडीत मल्ल ताकद लावत नाही, समोरच्याची ताकद चाचपतो. ढकललं की हा मागं सरकतो की उलटा रेटतो? मान दाबली की खाली वाकतो की पाय मागं घेतो? हे कळलं की डाव कुठला टाकायचा ते ठरतं. मामाचं म्हणणं मला पटलं ते पंचवीस वर्षांनी, स्ट्रीट फायटर ६ मध्ये ओळीनं चौदा मॅच हरल्यावर. त्या चौदाही मॅचमध्ये मी घंटा वाजताच धावत जाऊन मला येणारा एकमेव कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांची साखळी, लावायला बघत होतो. समोर कोण आहे याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

हा लेख त्या काळातल्या माझ्यासारख्यांसाठी आहे. तुम्हाला बटणं माहीत आहेत, हाडोकेन, म्हणजे लांबून सोडायचा ऊर्जेचा गोळा, दहातल्या आठ वेळा निघतो, एखादा कॉम्बो जमतो, तरी मॅच संपल्यावर आपण का हरलो ते सांगता येत नाही. उदाहरणं सगळी स्ट्रीट फायटर ६ मधली आहेत, म्हणजे कॅपकॉमचा जून २०२३ मध्ये आलेला गेम. टेकन ८ किंवा किंग ऑफ फायटर्स खेळणाऱ्यांना आकडे बदलून घ्यावे लागतील, पद्धत तीच चालेल.

पद्धत एका वाक्यात सांगायची तर सुरुवातीला स्वस्त प्रश्न विचारायचे, उत्तरं लक्षात ठेवायची आणि फेरी अटीतटीची झाली की ती वापरायची. जपानी खेळाडू याला 'योमी' म्हणतात, म्हणजे वाचन. ऐकायला गूढ वाटतं, पण निम्म्याहून जास्त काम हिशेबाचं आहे.

आधी एवढं जवळ हवं

- लॅनची वायर. वायफायवर खेळणारा समोरच्याला वाचत नाही, नेटवर्कला वाचतो. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर लांब वायर आणा, भिंतीच्या कडेनं टाका, घरचे दोन दिवस बोलतील.
- मॉनिटर. टीव्ही असेल तर त्याचा गेम मोड चालू करा. मी चार महिने तो न लावता खेळलो आणि आपलं वय झालं असं समजत होतो.
- एकच पात्र. निदान दोन महिने तरी बदलायचं नाही. स्वतःच्या बोटांकडं लक्ष असेल तोवर समोरच्याकडं लक्ष जात नाही.
- एक वही. मोबाइलमधली नोंद चालेल, पण मॅचच्या मधल्या दहा सेकंदांत पेन लवकर चालतं.
- गेममधलाच ट्रेनिंग मोड आणि रिप्ले. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हीकडं कोणी फिरकत नाही.

महागडी आर्केड स्टिक किंवा नुसत्या बटणांचा कंट्रोलर यादीत नाही. साध्या पॅडवर खेळून जगभरच्या स्पर्धा जिंकणारे लोक आहेत. पैसे वाचवा.

१. घंटा वाजण्याआधी काय दिसतं ते बघा

आमच्या गावात एसटी स्टँडमागं एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. किंग ऑफ फायटर्स ९७ च्या मशीनवर नंबर लावून मागं उभं राहायचं, आणि त्या उभं राहण्यातच निम्मं वाचन व्हायचं. कोण कुठली तीन पात्रं घेतो, हरायला लागला की काय करतो, चिडतो का, हे सगळं आपला नंबर येईपर्यंत पाठ झालेलं असायचं. शिवाय तो शेजारीच बसायचा. कोपर लागायचं, बटणांचा आवाज यायचा.

ऑनलाइन यातलं काहीच नाही. पण पडद्यावर चार गोष्टी तरीही दिसतात.

पहिली, पात्र. झँगिफ निवडणाऱ्याला तुमच्या अंगाशी यायचंय, कारण त्याची सगळी कमाई जवळून पकडण्यात आहे. धालसिम निवडणाऱ्याला तुम्ही लांब हवे आहात. गाइलला मागं दाबून 'चार्ज' करायला वेळ हवा. पात्र म्हणजे माणसानं स्वतःबद्दल दिलेली पहिली कबुली आहे.

दुसरी, नियंत्रणाचा प्रकार. समोरचा क्लासिकवर आहे की मॉडर्नवर, हे गेम दाखवतो. मॉडर्नमध्ये शोर्युकेनसारखी (वर झेपावत मारायचा ठोसा) चाल एका बटणावर निघते, त्या बदल्यात तिचं नुकसान वीस टक्के कमी होतं. म्हणजे मॉडर्नवाला तुमची उडी जवळजवळ फुकटात पाडू शकतो. सुपर, म्हणजे गेज भरल्यावर मारता येणारी सगळ्यात मोठी चाल, भरला असेल तर तोही दोन बटणं एकत्र दाबली की निघतो. अशा माणसासमोर उडी मारून 'बघू काय करतो' हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, उत्तर आधीच माहीत आहे.

तिसरी, कनेक्शन. मॅच स्वीकारण्याआधी जोडणीची प्रत दिसते आणि समोरचा वायरवर आहे की वायफायवर, तेही कळतं. हलकी जोडणी असेल तर बघून उत्तर देण्याचे बेत सोडा, किंवा मॅचच नाकारा. भ्याल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

चौथी, रँक. ही सगळ्यात कमी उपयोगाची. रँकवरून माणूस किती जिंकलाय ते कळतं, कसं खेळतो ते नाही. प्लॅटिनममध्ये असे लोक भेटतात ज्यांना एकच गोष्ट येते आणि तीच ते इतक्या निष्ठेनं करतात की तिथवर पोचलेत.

समोरच्याला आधी कुणी बघितलंच नसेल तर काय होतं याचं प्रसिद्ध उदाहरण टेकनमधलं आहे. लाहोरचा अर्सलान ॲश २०१९ मध्ये इव्हो जपानला (इव्हो म्हणजे फाइटिंग गेमची नावाजलेली स्पर्धा) उतरला, तेव्हा जगातल्या बहुतेक मोठ्या खेळाडूंनी त्याच्याशी एकही मॅच खेळलेली नव्हती. तो ती स्पर्धा जिंकला आणि त्याच वर्षी अमेरिकेतली इव्होही. तो जिंकला कारण तो फार चांगला होता, पण समोरच्यांची वही कोरी होती हेही खरंच.

२. सुरुवातीचं अंतर पाठ करा

प्रत्येक फेरी ठरावीक अंतरावरून सुरू होते. हे अंतर कधी बदलत नाही, त्यामुळं तिथून काय शक्य आहे याची यादी मर्यादित आहे. ती पाठ करणं हे या लेखातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात फायद्याचं काम.

ट्रेनिंग मोड उघडा. दोन्ही पात्रं सुरुवातीच्या जागेवर ठेवा आणि जागचं न हलता आपलं एकेक बटण दाबून बघा. बहुतेक बटणं पोचत नाहीत. आता पाऊलभर पुढं जा, पुन्हा बघा. मग पात्रं उलटी करा, म्हणजे समोरच्याची कुठली बटणं तुमच्यापर्यंत येतात ते कळेल. ज्या पाच-सहा पात्रांशी तुमची रोज गाठ पडते, त्यांच्यापुरतं केलंत तरी पुरे.

यातून एक गोष्ट समजते. पहिल्या क्षणाला समोरच्याकडं फार तर सहा पर्याय असतात: पुढं चालणं, मागं चालणं, उडी, फायरबॉलसारखी लांबची चाल, ड्राइव्ह रश म्हणजे हिरव्या झगमगाटात सुसाट पुढं घुसणं, आणि ड्राइव्ह इम्पॅक्ट म्हणजे समोरचे फटके अंगावर पचवत मारलेला जोरदार तडाखा. सहाच. पंचवीसहून जास्त पात्रं आणि शेकडो चाली बघून नव्या माणसाचं डोकं गरगरतं, पण घंटेच्या क्षणी प्रश्न एवढाच असतो.

गाइलबद्दल एक टीप: चार्ज फेरी सुरू होण्याआधीच्या घोषणेतही साठतो. 'त्याला मागं दाबायला वेळ लागेल, तोवर मी घुसतो' असं समजून घंटेला पुढं पळणारे लोक पहिल्याच क्षणी त्याचा फायरबॉल, सोनिक बूम, तोंडावर घेतात. मीही घेतलाय.

३. पहिले तीन सेकंद: अर्धं पाऊल मागं

माझा सल्ला असा की पहिल्या फेरीच्या घंटेला काही मारू नका. अर्धं पाऊल मागं या आणि बघा. जास्त मागं नको. सुरुवातीलाच भिंतीकडं गेलात तर पुढची दीड मिनिटं कोपऱ्यात काढाल.

या अर्ध्या पावलात दोन कामं होतात. समोरच्यानं घंटेबरोबर एखादं लांबचं बटण दाबलं असेल तर ते हवेत जातं. आणि त्यानं काय केलं ते तुम्हाला शांतपणे दिसतं.

तो पुढं घुसला तर त्याला वेग आवडतो. त्याच्याशी नंतर थांबून खेळायचं. तोही मागं आला तर तो तुमच्यासारखाच लेख वाचून आलाय, किंवा त्याला तुम्ही उडी मारायला हवी आहे. लगेच उडी मारली तर खूश व्हा, असे लोक पुन्हा मारतात. घंटेलाच ड्राइव्ह इम्पॅक्ट टाकला तर तो माणूस सगळ्या प्रश्नांना हेच उत्तर देण्याची शक्यता मोठी आहे.

इथं एक सापळा आहे. पहिली हालचाल बऱ्याचदा ठरवून केलेली असते, सवयीची नसते. कॅरमच्या पहिल्या स्ट्राइकसारखं ते, जो तो आपली पाठ केलेली सुरुवात करतो. म्हणून घंटेच्या क्षणाची नोंद 'सुरुवातीला असं करतो' एवढीच ठेवा. त्याचा खरा स्वभाव दिसतो पाचव्या-सहाव्या सेकंदाला, पाठ केलेलं संपल्यावर.

४. स्वस्त प्रश्न विचारा

ही पायरी नीट वाचा, बाकीच्या घाईत वाचल्या तरी चालेल.

बहुतेक पात्रांचं आयुष्य १०,००० असतं. एक हलका ठोसा साधारण ३०० घेतो. साधा थ्रो, म्हणजे जवळून पकडून फेकणं, १,२०० च्या आसपास. चुकून अडकलात आणि समोरच्यानं पूर्ण कॉम्बो लावला तर ३,००० किंवा जास्त. हे आकडे म्हणजे तुमच्या प्रश्नांची किंमत. तीनशे रुपयांत मिळणारी माहिती तीन हजारांना घेऊ नका.

*प्रश्न पहिला: पाऊल टाकून थांबलो तर?* त्याच्या बटणाच्या पल्ल्यात एक पाऊल टाका, काही दाबू नका, लगेच मागं या. किंमत जवळजवळ शून्य, फार तर एखादा फटका. उत्तर मात्र भरपूर. हा माणूस पल्ल्यात कोणी आलं की बटण दाबतोच का? दाबत असेल तर त्याचं बटण हवेत गेल्यावर, पाय परत जमिनीवर येण्याआधी तुम्ही मारू शकता. शिवाय तो कुठलं बटण दाबतो तेही कळतं, आणि बहुतेकांचं आवडतं बटण एकच असतं.

*प्रश्न दुसरा: तेच बटण दोनदा दाबलं तर?* लांबून, सुरक्षित अंतरावर, बसून मारायची मधली लाथ. थोडं थांबून पुन्हा तीच. मग तिसऱ्यांदा दाबायची नाही, नुसतं बघायचं. ज्यांना ड्राइव्ह इम्पॅक्टची खाज आहे ते नेमके तिसऱ्या वेळी तो टाकतात, कारण त्यांना वाटतं आपल्याला नमुना सापडला. तो तुमचे दोन फटके पचवून येतो, पण त्याला निघायला २६ फ्रेम लागतात. सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबानं हे ०.४३ सेकंद झाले. माणसाला बघून बटण दाबायला पाव सेकंद पुरतो. तुम्ही मोकळे उभे असाल तर उलटा इम्पॅक्ट टाकून त्याला चितपट करायला वेळ आहे. दमही लागत नाही, फक्त त्या क्षणी स्वतः दुसरं बटण दाबत नसलात म्हणजे झालं.

*प्रश्न तिसरा: उडी मारली तर?* हा मध्यम महाग आहे. शोर्युकेन बसला तर हजाराच्या वर जातात आणि तुम्ही जमिनीवर. तरीही फेरीच्या सुरुवातीला एकदा विचारावाच, कारण उत्तरावर पुढचा सगळा खेळ ठरतो. समोरच्याला उडी पाडता येत नसेल तर बाकीचं वाचन कशाला हवं? उड्या मारा आणि घरी जा.

*प्रश्न चौथा: अंगाशी जाऊन काहीच केलं नाही तर?* एक हलका ठोसा ब्लॉक करवा आणि थांबा. तो लगेच ठोसा मारतो? थ्रो करतो? मागं उडी मारतो? की बसून राहतो? थ्रो निघायला ५ फ्रेम लागतात, म्हणजे ०.०८ सेकंद. हे जगात कोणालाही बघून थांबवता येत नाही. म्हणूनच थ्रो हा वाचनाचा खरा विषय आहे. इम्पॅक्ट डोळ्यांनी थांबवता येतो, थ्रो फक्त अंदाजानं. ज्याचा सगळा जोर थ्रोवर आहे त्याला दोनदा थ्रो करू द्या, तिसऱ्या वेळी किंचित मागं सरका, त्याचे हात हवेत गेले की मोठा कॉम्बो लावा. दोन थ्रोचे २,४०० गेले, तीनेक हजार परत आले, आणि आता त्याला थ्रोची भीती बसली. ती भीती फायद्यात.

*प्रश्न पाचवा: पहिल्यांदा पडल्यावर उठताना काय करतो?* हा विचारायचा नसतो, आपोआप विचारला जातो. फेरीच्या सुरुवातीला ड्राइव्हची, म्हणजे खास चालींवर खर्चायच्या गेजची, सहाही घरं भरलेली असतात. त्यातली दोन खर्चून केन, ऱ्यू, लूक यांच्यासारख्या पात्रांना उठताउठता अभेद्य फटका मारता येतो. घरं भरलेली, पहिल्यांदा पडलेला, थोडा चिडलेला, अशा माणसाचा हात तिकडं जातोच. म्हणून पहिल्या पाडावानंतर मी जवळ जातो आणि नुसता ब्लॉक धरतो. फटका आला तर तो हवेत लटकलेला असताना आरामात मोठी शिक्षा देता येते. नाही आला तर कळलं, माणूस थंड डोक्याचा आहे. गमावलं काय? एक हल्ल्याची संधी. फार नाही.

काही जण उठताना निळा पॅरी (समोरचा फटका झेलून परतवायचा बचाव) धरून बसतात, कारण त्यात उंच-खालचं बघावं लागत नाही. पॅरी धरलेल्याला थ्रो केला तर नुकसान १,२०० ऐवजी २,००० च्या घरात जातं. हे सापडलं की मी वहीत दोनदा अधोरेखित करतो.

सापळा: पाचही प्रश्न एका फेरीत विचारायचा हट्ट धरू नका. दोन पुरतात. मी सुरुवातीला यादी समोर चिकटवली होती, आणि यादी वाचताना मार खाल्ला.

दुसरा सापळा, जास्त महत्त्वाचा: ब्राँझ-सिल्व्हर या खालच्या रँकमध्ये समोरचा तुमचा प्रश्न ऐकतच नाही. तो त्याच्या खोलीत, त्याच्या वेगळ्याच मॅचमध्ये, त्याला येणारं ते करत असतो. अशा माणसाच्या मनात खोल शिरायचा प्रयत्न केलात तर तिथं काही सापडणार नाही आणि तुम्ही हराल. तीनदा तेच केलं तर चौथ्यांदाही तेच करेल एवढंच धरून चाला.

५. त्यानं बघून केलं, की आधीच ठरवलं होतं?

तुम्ही उडी मारली, त्यानं शोर्युकेननं पाडलं. वहीत काय लिहाल? 'उडी पाडता येते' असं लिहिलंत तर घाई झाली. उडी पाऊण सेकंदाच्या आसपास हवेत असते, म्हणजे बघून पाडणं शक्य आहे. पण तो अंदाजानंही मारला असू शकतो, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बघून पाडणाऱ्यासमोर उड्या बंद. अंदाजानं मारणाऱ्यासमोर फक्त वेळ बदलायची.

ओळखायचं कसं? उडीच्या अंतरावर जा आणि उडी न मारता एकदम थांबा किंवा मागं या. तो रिकाम्या हवेत शोर्युकेन मारत वर गेला तर तो ठरवून बसलेला होता. खाली येईपर्यंत तो तुमचा. अजिबात हलला नाही तर बहुधा त्याचे डोळे चालतायत.

आणखी एक खूण म्हणजे वेळ. बघून मारणाऱ्याचा फटका तुम्ही हवेतून खाली येताना बसतो. अंदाजानं मारणाऱ्याचा फार लवकर किंवा फार उशिरा.

हा भेद आपल्याला दिसत नाही याचं कारण जिंकलेल्या क्षणांत दोन्ही सारखेच दिसतात. २००४ च्या इव्होमधला दाइगो उमेहारा या जपानी खेळाडूचा तो क्षण बघा, बहुतेकांनी बघितला असेलच. स्ट्रीट फायटर थ्री थर्ड स्ट्राइक, त्याचा केन शेवटच्या काडीवर, समोर जस्टिन वाँगची चुन-ली सुपर टाकते, आणि दाइगो सुपरचे १५ फटके एकामागून एक पॅरी करून उलटा जिंकतो. लोक म्हणतात, काय प्रतिक्षिप्त क्रिया आहे! पण त्या सुपरचा पहिला फटका पॅरी करायचा तर स्टिक जवळजवळ सुपर सुरू होतानाच पुढं दाबलेली असावी लागते, बघून वेळ मिळत नाही. दाइगोचं आयुष्य इतकं कमी होतं की ब्लॉक करूनही तो मेला असता. वाँगसाठी सुपर हा सगळ्यात साहजिक शेवट होता. दाइगोनं तो साहजिकपणा वाचला. बाकीचे चौदा फटके मात्र सरावाचे, तिथं वाचन-बिचन काही नाही.

६. कळलेलं लगेच खर्च करू नका

हे मला शिकवलं पुण्यातल्या एका छोट्या स्पर्धेत भेटलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं. ब्लांका हे पात्र घेऊन खेळत होता. पहिल्या फेरीत मी उठताना तीनदा थ्रो केला आणि तीनही वेळा त्यानं तो खाल्ला. मला वाटलं पोरगं कच्चं आहे. फेरी मी जिंकलो. दुसऱ्या फेरीतही एक खाल्ला. मग दोघंही शेवटच्या पावआयुष्यावर आलो, मी उठलो, थ्रो केला, आणि तो तिथं नव्हता. सरळ वर उडी मारून माझ्या डोक्यावर उतरला. तिसऱ्या फेरीत मला थ्रो दाबायचा धीरच झाला नाही, आणि थ्रो सोडला तर माझ्याकडं होतं काय?

नंतर चहा पिताना त्याला विचारलं. म्हणाला, "काका, तुमचा थ्रो मला पहिल्याच वेळी कळला होता. पण तेव्हा तुम्हाला थांबवलं असतं तर तुम्ही बदलला असता."

काका म्हटल्याचं दुःख वेगळं.

हिशेब असा: तुम्हाला समोरच्याची सवय कळली आणि ती लगेच मोडलीत तर तो सावध होतो. सवय छोट्या नुकसानीची असेल तर चालू राहू द्या. तो संकटात असेल, आयुष्य कमी, ड्राइव्ह संपून बर्नआउट झालेला, पाठ कोपऱ्याला, अशा वेळी माणूस नवं काही करत नाही, जुन्या सवयीकडंच पळतो. तेव्हा वसूल करा.

अपवाद एकच. सवयीची किंमत मोठी असेल, म्हणजे तो दर वेळी उडीवरून पूर्ण कॉम्बो लावत असेल, तर नंतरची वाट बघू नका. नंतर उरणारच नाही.

७. तोही तुमची वही भरतोय

रँक्डमध्ये एकाच माणसाशी तीन मॅचपर्यंत खेळता येतं. पहिल्या मॅचनंतर पुन्हा खेळायचं का असं विचारतात तेव्हा मधे काही सेकंद मिळतात. नवे खेळाडू तेव्हा फोन बघतात. त्याऐवजी स्वतःला विचारा: मी घंटेला काय करत होतो? उठताना काय? कोपऱ्यात काय? दोन्ही फेऱ्यांत तेच केलं असेल तर समोरच्यालाही ते माहीत झालंय. एक गोष्ट बदला, एकच. सगळं बदलायला गेलात तर तुमचाच खेळ तुम्हाला अनोळखी होतो.

दुसऱ्या फेरीची सुरुवात पहिलीसारखी नसते हेही लक्षात असू द्या. ड्राइव्ह पुन्हा भरतो, पण सुपरचा गेज आधीच्या फेरीतून जसाच्या तसा पुढं येतो. पहिल्या फेरीच्या घंटेला कोणाकडंच सुपर नव्हता. दुसरीत समोरच्याकडं तीन घरं भरलेली असू शकतात आणि तुम्ही सवयीनं टाकलेला पहिला फायरबॉल त्याला आयती संधी देतो. घंटेआधी खाली नजर टाका, आकडा बघा, मग अर्धं पाऊल मागं.

८. रिप्ले: पहिली पंधरा सेकंदंच बघा

पूर्ण रिप्ले बघायचा उत्साह आठवडाभर टिकतो. त्यापेक्षा हरलेल्या तीन मॅच घ्या आणि प्रत्येक फेरीची फक्त पहिली पंधरा सेकंदं बघा. रिप्लेमध्ये दोघांची दाबलेली बटणं पडद्यावर दिसतात, ती चालू ठेवा. समोरचा वाट बघत असताना खाली बसून चार्ज करत होता, की थ्रो तोडायची बटणं उगाच दाबत होता, हे मॅचमध्ये दिसत नाही, इथं दिसतं. आपलीही बटणं बघा. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा कळलं की ब्लॉक करताना मी दर वेळी, न चुकता, सुटल्या सुटल्या ठोसा दाबतो. दर वेळी! हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

जो डाव वारंवार बसतो तो ट्रेनिंग मोडमध्ये बाहुल्याकडून रेकॉर्ड करून घ्या. सोबत दोन वेगळ्या चाली रेकॉर्ड करा आणि तिन्ही उलटसुलट क्रमानं येऊ द्या. एकच चाल लावलीत तर सराव पाठांतराचा होतो.

वहीत मी प्रत्येक माणसामागं चारच ओळी लिहितो: घंटेला काय, उडीला काय, उठताना काय, कोपऱ्यात काय. नमुना म्हणून गेल्या महिन्यातली एक नोंद देतो.

"केन, क्लासिक, वायर. घंटेला मागं. उडीला दोनदा शोर्युकेन, तिसऱ्यांदा नाही, म्हणजे अंदाज. उठताना थ्रो. कोपऱ्यात अडकला की ड्राइव्ह इम्पॅक्ट, दर वेळी."

हाच केन परवा पुन्हा भेटला. घंटेला पुढं घुसला, उड्या बघून पाडायला लागला होता, उठताना नुसता बसून राहत होता. पहिली फेरी गेली माझी. दुसरीत कसंबसं ढकलत त्याला कोपऱ्यात नेलं, मधली लाथ दोनदा दाबली आणि हात बटणांवरून उचलून थांबलो. इम्पॅक्ट आला.

मॅच तरीही तोच जिंकला. उडीची ओळ खोडून नवी लिहिलीय.